सल्लागार ख्रिस्ती हवा की चांगला?

मिरजेच्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि पत्र थोडं आखडलं आहे.

"लग्नानंतर लगेच आम्ही दोघं एका मिशन संस्थेतर्फे सातपुड्यातल्या एका पाड्यावर कामाला गेलो. मुलांचे अभ्यासवर्ग, आजाऱ्यांची ने-आण, रविवारची उपासना असं बारा वर्षं चाललं. दोन वर्षांपूर्वी तिथे वाद झाला आणि ह्यांना मारहाण झाली. तेव्हापासून माणूस बदलला. रात्री झोप नाही, दारात मोटरसायकल थांबली तरी दचकतात, मुलावर खेकसतात. संस्थेने सहा महिन्यांची रजा दिली म्हणून माझ्या माहेरी मिरजेला आलोय. पाळकसाहेब येऊन प्रार्थना करून जातात. वरिष्ठ म्हणतात, आपल्याच एका ब्रदरनी काउन्सेलिंगचा कोर्स केलाय, त्यांच्याजवळ मन मोकळं करा. पण नेमणुका तेच ब्रदर ठरवतात. बाहेर जावं तर आमचं काम ऐकूनच कोणी नाक मुरडेल. परवा हे म्हणाले, 'त्या दिवशीच संपलो असतो तर बरं झालं असतं.' सांगली-मिरजेत चांगला ख्रिस्ती सल्लागार कुठे मिळेल?"

ताई,

तुमच्या प्रश्नाकडे येतेच, पण ह्यांच्या त्या वाक्यावरून पुढे सरकता येत नाही. असं वाक्य माणूस कधी वैतागून टाकतो, कधी मनापासून, आणि नुसतं ऐकून फरक कळत नाही. म्हणून विचारायचं. आज रात्री मुलगा झोपला की सरळ विचारा: "जीव द्यावा असं मनात येतं का? काही ठरवलंय का?" असं विचारल्याने नसता विचार डोक्यात शिरतो, हा समज चुकीचा आहे. बहुतेक वेळा कोणीतरी विचारलं म्हणूनच माणसाचा बांध फुटतो. उत्तर 'हो' आलं, किंवा मान फिरवली, तर सल्लागार शोधत बसू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी मानसोपचारतज्ज्ञ गाठा. सांगलीचं सिव्हिल आहे, मिरजेचं मेडिकल कॉलेज आहे. खाजगी डॉक्टर परवडत असेल तर तो. तोवर त्यांना एकटं सोडू नका. घरातल्या गोळ्या, शेतावरची फवारणीची बाटली तुमच्या भावाच्या ताब्यात द्या. रात्री-अपरात्री धीर सुटला तर १४४१६ हा टेली-मानसचा नंबर फिरवा. केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केलेली ही सेवा चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

आता झोप, दचकणं, चिडणं. पत्रावरून रोगाचं नाव सांगणाऱ्यांपैकी मी नाही. पण मार खाल्लेल्या माणसाचं शरीर दोन-दोन वर्षं पहाऱ्यावर राहतं, हे डॉक्टरी शास्त्राला चांगलं ठाऊक आहे आणि त्यावर उपचारही आहेत. श्रद्धा डळमळली म्हणून माणूस मोटरसायकलच्या आवाजाला दचकत नाही. एकदा साध्या एमबीबीएस किंवा एमडी डॉक्टरकडून थायरॉइड, बी-बारा, साखर, बीपी बघून घ्या. जंगलपट्टीत मलेरियासाठी कोणकोणत्या गोळ्या घेतल्या तेही आठवून सांगा. मेफ्लोक्विनसारख्या औषधाने काहींची झोप उडते, भास-भीतीचे त्रास होतात, आणि कधी कधी हे गोळी बंद केल्यावरही रेंगाळतं.

तुम्ही विचारलंत, ख्रिस्ती सल्लागार कुठे मिळेल. मी तुमच्या जागी असते तर आधी वेगळंच विचारलं असतं: हा माणूस कोणाला बांधील आहे?

बँकेतल्या कारकुनाचं मन बिघडलं तर तो संध्याकाळी गुपचूप कोणाकडे तरी जातो. साहेबाला पत्ता नसतो. समजा नोकरी गेलीच, तरी घर राहतं, शेजार राहतो, देवळातला पुजारी त्याला ओळखतही नसतो. तुमचं तसं नाही. तुमचा साहेब, घरमालक, धर्मगुरू, मित्र आणि मुलाच्या हॉस्टेलला शिफारस देणारा, हे सगळे एकाच संस्थेतले, पुष्कळदा एकच माणूस. तुमच्या पगाराला 'सपोर्ट' म्हणतात, आणि तो देणाऱ्या कुटुंबांना दर महिन्याला प्रार्थनापत्र जातं, ज्यात काम कसं जोमात चाललंय ते लिहायचं असतं. अशा ठिकाणी 'मला आता बायबल उघडवत नाही' हे वाक्य एखाद्याने उच्चारलं, तर एका दमात नोकरी, क्वार्टर, मंडळी म्हणजे चर्च, आणि मुलाची शाळा पणाला लागते. म्हणून माणसं बोलत नाहीत. ती श्रद्धाहीन नसतात, त्यांना हिशेब कळत असतो.

त्या ब्रदरना नम्रपणे नाही म्हणा. त्यांचा कोर्स चांगला असेल, मनही निर्मळ असेल. पण ज्याच्या हातात तुमची पुढची नेमणूक आहे त्याच्यापुढे तुमचे यजमान रडू शकणार नाहीत, आणि रडले तर ते रडणं नेमणुकीच्या मीटिंगमध्ये त्या ब्रदरच्या डोक्यात असणारच. ते मनातून पुसता येत नाही, त्यांनाही नाही. एवढंच म्हणा: "ब्रदर, तुम्ही आमचे वरिष्ठ आहात. कामाचं तुमच्याशी बोलू. हे जरा बाहेर बोलू द्या." समजूतदार वरिष्ठ यावर सुटकेचा श्वास सोडतो. 'आमच्यावर विश्वास नाही का?' असं उत्तर आलं, तर तुम्ही बाहेर जायचं ठरवलंत ते योग्यच होतं असं समजा.

संस्थेत 'मेंबर केअर', म्हणजे कार्यकर्त्यांची काळजी, बघणारी व्यक्ती असेल तर तिला जरूर फोन करा, पण तिच्याकडून उपचार नको, बाहेरच्या चार जणांची नावं मागा. निवड तुम्ही करा. आणखी एक: फिल्डवरून परतलेल्यांना बसवून झालेलं सगळं सांगायला लावतात, त्याला तुमच्याकडे डीब्रीफिंग म्हणतात. कोणीतरी ऐकलं म्हणून बरं वाटत असेल तर उत्तमच. पण अशी एकच बैठक उपचाराची जागा घेत नाही. आघातानंतर सगळ्यांना सरसकट तसं बसवू नये असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. "डीब्रीफिंग तर झालं, आता काय?" असं कोणी म्हणालं तर दबून जाऊ नका.

आता ख्रिस्ती की बिगर-ख्रिस्ती. मी स्वतः ख्रिस्ती नाही, साताऱ्यात बसून हे सल्ला देण्याचं काम करते, तेव्हा माझ्या मताला तेवढं वजन कमी धरा. ख्रिस्ती सल्लागाराचा मोठा फायदा म्हणजे 'पाचारण', म्हणजे या कामासाठी देवाने बोलावणं, हे काय असतं ते त्याला समजावून सांगावं लागत नाही. पाड्यावरून परत येण्यात नोकरी बदलण्यापेक्षा वेगळी काहीतरी लाज आहे, देवाला दिलेला शब्द मोडल्याची बोच आहे, हे त्याला दोन वाक्यांत उमगतं. माझ्यासारखीला वेळ लागतो. पण त्यातच धोकाही आहे. काही जण तिसऱ्या मिनिटाला बायबलमधलं वचन काढतात. दुखणं अजून पुरतं ऐकलेलंही नसतं आणि 'क्षमा केलीत का?' हा प्रश्न येतो. मार खाल्लेल्या माणसाला क्षमेचा प्रश्न पहिल्या भेटीत विचारणं मला क्रूर वाटतं. तो प्रश्न येईल, त्यांच्या तोंडून येईल, तेव्हा येऊ द्यावा.

दुसऱ्या बाजूला, बिगर-ख्रिस्ती सल्लागाराच्या मनात मिशनच्या कामाबद्दल अढी असू शकते. ही भीती पोकळ आहे असं मी म्हणणार नाही. धर्मांतर हा शब्द निघाला की चांगल्या शिकलेल्यांचेही चेहरे बदलतात. ती अढी आहे का, हे फोनवरच कळून येतं, ते खाली सांगते. पण बाहेरचा म्हणून बाद, असं करू नका. तुमच्याच शास्त्रात इस्राएली लोकांच्या पुढाऱ्याला, मोशेला, 'तू अशाने थकून जाशील, कामं वाटून दे' हे सांगणारा इथ्रो मिद्यानी याजक होता, इस्राएली नव्हता. आणि मोशेने ऐकलं.

नुसत्या 'काउन्सेलर' या पाटीवर जाऊ नका. दोन दिवसांच्या शिबिराचं सर्टिफिकेट घेतलेलेही ती लावतात. औषध लिहू शकतो तो मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारात एमडी किंवा डिप्लोमा केलेला डॉक्टर. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाही, पण त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी असते. नंबर मागा, खरा माणूस लगेच सांगतो. मानसशास्त्रात एमए करून समुपदेशन करणाऱ्यांतही फार चांगली माणसं आहेत. त्यांना एवढं विचारा की अडलेली केस तुम्ही कोणाला दाखवता. 'मला गरज पडत नाही' म्हणणाऱ्याला टाळा. तुमच्या यजमानांसाठी खास विचारायचं ते आघातावरच्या उपचारांचं शिक्षण आहे का हे. आघातावरची सीबीटी आणि ईएमडीआर या पद्धतींची नावं ऐकल्यावर समोरच्याला पुढे बोलता आलं पाहिजे.

नोंदणीचा एक फायदा कायद्याचाही आहे. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मे २०१८पासून लागू आहे. त्याच्या २३व्या कलमाने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलाय आणि उपचार करणाऱ्याला ती पाळायला बांधलंय. अपवाद आहेत: जिवाला धोका असेल, कोर्टाने मागितलं, उपचारातल्या दुसऱ्या डॉक्टरला कळणं गरजेचं असेल, असे. त्या अपवादांत नोकरी देणाऱ्या संस्थेचं नाव नाही. संस्थेच्या अध्यक्षांनी फोन करून 'आमच्या भावाची प्रगती कशी काय?' विचारलं, तर डॉक्टरने 'सांगता येणार नाही' म्हणायचं असतं.

आता शोधायचं कुठे. मिशनरी डॉक्टर वॉनलेस साहेबांनी १८९४ साली मिरजेत मिशनचा दवाखाना बांधला, तेव्हापासून हे गाव डॉक्टरांचं आहे. अपेंडिक्स दुखलं म्हणून ऑपरेशनला नेलं तर मंडळीतला एकही माणूस 'तुमचा विश्वास कमी पडला' म्हणत नाही, आणि मनाच्या दुखण्याला मात्र उपास सुचवतात, हे मला मिरजेत तरी शोभत नाही असं वाटतं. असो. मिरज-सांगलीत ख्रिस्ती समाज लहान, सगळे एकमेकांचे सोयरे. दवाखान्याच्या बाकावर कोण भेटेल याची धाकधूक असेल तर कोल्हापूर ५० किलोमीटरच्या आसपास आहे, रेल्वेने सकाळी जाऊन दुपारी परत. औषधांची गरज पडली तर मात्र जवळचाच डॉक्टर धरा, दर पंधरा दिवसांनी लांब जाणं होत नाही. सविस्तर तपासणी हवी असेल, खर्च आणि रजा जमत असेल, तर वेल्लोरच्या सीएमसीचा बागायम इथला मानसोपचार विभाग आहे. तिथल्या माणसांना मिशनचं आयुष्य नवं नाही. भाषेची अडचण येईल, ती आधी विचारून घ्या.

ऑनलाइनचा पर्याय तुमच्यासारख्यांना फार सोयीचा आहे. पुण्या-मुंबईचा मराठी बोलणारा सल्लागार मिळतो आणि पाड्यावर परत गेलात तरी तोच चालू ठेवता येतो, रेंज मिळाली तर. अडचण खोलीची. माहेरच्या घरात भिंतीपलीकडे आई-वडील असतील तर यजमान तासभर 'हो', 'ठीक आहे' एवढंच बोलतील. त्या वेळी घरच्यांना बाजारात पाठवा, इअरफोन लावा, दारापाशी रेडिओ लावून ठेवा.

कोणाला नाव सुचवायला सांगाल तर एकेकट्याला सांगा, तेही शक्यतो दुसऱ्या गावच्या डॉक्टरला. व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रार्थना ग्रुपवर चुकूनही नाही. "अमुक भाऊ मानसिक त्रासातून जात आहेत, त्यांना उचलून धरा" असा मेसेज सकाळी पडला की दुपारपर्यंत इचलकरंजीच्या मामींचा फोन येतो. कोणाच्या मनात वाईट नसतं, पण प्रार्थनेची विनंती ही गुपित पसरायची सगळ्यात सोवळी वाट आहे, हे मी मंडळीतल्याच लोकांकडून ऐकलंय. तुमच्या मासिक पत्रात "प्रकृती आणि विश्रांतीसाठी प्रार्थना करा" एवढं लिहा. ते खरं आहे आणि पुरेसं आहे. पाळकसाहेबांना मात्र तोडू नका. त्यांना विश्वासात घेऊन सांगा की उपचार चालू आहेत आणि हे बाहेर जायला नको. ते येऊन दहा मिनिटं यजमानांबरोबर मुकाट बसले तरी मोठं काम होईल.

दोन-तीन नावं हाती आली की फोन तुम्ही करा. दहा मिनिटांचं काम आहे. मी असं बोलले असते: "माझे यजमान मिशनमध्ये काम करतात. दोन वर्षांपूर्वी कामावर असताना त्यांना मारहाण झाली. तुम्ही अशा माणसांबरोबर आधी काम केलंय का? आमच्या श्रद्धेबद्दल आणि कामाबद्दल तुम्हाला काही अडचण वाटेल का?" मग गप्प राहा. उत्तराच्या शब्दांपेक्षा ते यायला किती वेळ लागतो ते ऐका. 'मला तुमच्या कामाची फारशी माहिती नाही, पण शिकून घेईन' हे फार चांगलं उत्तर आहे. 'माझ्याकडे सगळे धर्म सारखेच' हे चालेल. 'आधी ते काम सोडा, मग बघू' किंवा 'सैतानाचा हल्ला आहे, उपास धरा', दोन्हींना धन्यवाद म्हणून फोन ठेवा. फी, वेळ आणि सवलत तेव्हाच विचारा; बरेच सल्लागार परिस्थिती पाहून कमी घेतात, पण विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

पहिल्याच भेटीत मारहाणीची सगळी हकीकत उकरून काढणारा घाईत आहे असं समजा. चांगला माणूस आधी झोप, जेवण, दिवसाची घडी यांवर येतो आणि "जेवढं सांगावंसं वाटेल तेवढंच सांगा" म्हणतो.

खर्च संस्था देणार असेल तर पहिल्या भेटीच्या आधी तीन ओळी लिहून घ्या. मजकूर असा चालेल: 'संस्था अमुक इतक्या भेटींचा खर्च देईल. बिलावर फक्त तारीख आणि रक्कम असेल. भेटीत काय बोललं गेलं याचा कोणताही अहवाल संस्था मागणार नाही. कामावर परतण्याबद्दल वैद्यकीय मत लागल्यास ते वेगळ्या डॉक्टरकडून घेतलं जाईल.' शेवटची ओळ महत्त्वाची. जो उपचार करतो त्यालाच 'हा माणूस फिल्डवर पाठवण्यालायक आहे का?' विचारलं, की रुग्ण त्याच्यापुढे परीक्षेला बसल्यासारखा वागायला लागतो. सही द्यायला संस्था कां-कूं करत असेल आणि तुम्हाला झेपत असेल, तर निदान पहिल्या चार भेटी स्वतःच्या पैशाने करा.

यजमान तयार नसतील, आणि बहुतेक नसतील, तर तुम्ही एकट्या जा. हे मी त्यांच्यासाठी म्हणत नाही. तुमच्या पत्रात 'आम्ही' आहे, 'हे' आहेत, मुलगा आहे. 'मी' कुठेच नाही. मारहाण झाली तेव्हा तुम्ही कुठे होतात, तेही लिहिलेलं नाही. पाड्यावरची बारा वर्षं तुम्हीही काढलीत, आणि संस्थेच्या हिशेबात बहुधा बिनपगारी. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ साली मिशनची बांधिलकी सोडून आमच्या साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला, तेव्हा त्या निर्णयाचा संसार त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनाच रेटावा लागला होता. मिशनच्या घरात पाचारण एकाला येतं आणि बोचकी दोघांना बांधावी लागतात. तुमचा सल्लागार वेगळा ठेवा, यजमानांचा वेगळा. एकाच माणसाकडे दोघं स्वतंत्रपणे जाऊ लागलात तर दोघंही त्याच्यापुढे सांभाळून बोलाल. जोडीने बसायचं ते पुढे बघता येईल.

तीन-चार भेटींनंतर जुळत नाही असं वाटलं तर भिडेखातर चालू ठेवू नका. सल्लागार बदलणं या व्यवसायात रोजचं आहे, कोणाला राग येत नाही, आणि आलाच तर तो त्याने सोडवायचा. एक मेसेज पुरतो: "सर, आतापर्यंतच्या भेटींबद्दल आभार. आम्ही दुसरीकडे प्रयत्न करून बघणार आहोत. आमच्या नोंदींची प्रत आणि चालू औषधांची चिठ्ठी कधी मिळेल?"